सकाळी आधी स्वतःला विचारा, मग बँडला

प्रश्न : माझे वय 62 आहे. सहा महिन्यांपूर्वी मुलीने मला आणि यजमानांना पावले व झोप मोजणारे एकसारखे बँड भेट दिले. पहिले काही आठवडे मजेत गेले. आता मात्र रात्री साडेदहाला आकडा 8,000 च्या आसपास अडकलेला दिसला, की 10,000 पूर्ण होऊन मनगटावर थरथर होईपर्यंत मी खोलीतल्या खोलीत येरझारा घालते. उजवा गुडघा त्यामुळे कुरकुरू लागला आहे. इतके करूनही बहुतेक दिवशी मी तिथवर पोहोचत नाही. आठवड्याची सरासरी 6,800 च्या पुढे सरकत नाही. सकाळी जाग येते तेव्हा बरे वाटत असते, पण मोबाइलवर झोपेचे गुण 61 आणि गाढ झोप अवघी 40 मिनिटे दिसली, की दिवसभर गळून गेल्यासारखे होते. हल्ली अंथरुणावर पडल्यावरही उद्या किती गुण येतील हाच विचार डोक्यात असतो. यजमान रात्रभर घोरतात, मध्येच आवाज बंद होतो आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि दुपारी हातात वर्तमानपत्र असतानाच त्यांना डुलकी लागते. तरी त्यांचे गुण 85! त्यावरून ते मला चिडवतात. माझी झोप खरोखर बिघडली आहे का? अधिक महागाचा, अचूक बँड घ्यावा, की आहे तोच काढून ठेवावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर ओळ आपण प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाही. यजमानांच्या चिडवण्याच्या ओघात ती सहज येऊन गेली आहे. तिच्याकडे मी शेवटी वळणार आहे, कारण तिचे महत्त्व कळण्यासाठी हा बँड नेमके काय मोजतो आणि कशाचा केवळ अंदाज बांधतो, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. आपल्या तिन्ही प्रश्नांची थोडक्यात उत्तरे द्यायची तर, आपण जे लिहिले आहे त्यावरून आपली झोप बिघडल्याचे दिसत नाही. बिघडतो आहे तो मोबाइल पाहिल्यानंतरचा दिवस. महागाचा बँड घेऊ नये. आहे तो काढून टाकण्याचीही गरज नाही, मात्र त्याला दिलेले परीक्षकाचे स्थान काढून घ्यावे.

झोपेपासून सुरुवात करते. आपल्या मनगटावरच्या यंत्रात मुख्यतः दोन संवेदक असतात. एक हाताची हालचाल टिपतो. दुसरा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून परत येणारा प्रकाश मोजतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, ते अधिक प्रकाश शोषून घेते, आणि या चढउतारावरून यंत्राला नाडी कळते. म्हणजे रात्रभर बँडच्या हाती दोनच गोष्टी येतात : हात हलला की नाही, आणि नाडी कशी चालली. गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी असते, स्वप्नांच्या झोपेत ती अनियमित होते, अशा खुणांवरून एक गणिती सूत्र अंदाज बांधते की अमुक ते अमुक वेळ गाढ झोप असावी. प्रत्यक्षात गाढ झोप ठरते ती मेंदूतील संथ, उंच विद्युतलहरींवरून. त्या पाहण्यासाठी निद्रा-प्रयोगशाळेत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात आणि रात्रीचे 30-30 सेकंदांचे तुकडे पाडून तज्ज्ञ प्रत्येक तुकडा तपासतात. तिथेही दोन अनुभवी तज्ज्ञांचे प्रत्येक तुकड्यावर एकमत होत नाही. मग मेंदूशी काहीच संबंध न येणाऱ्या मनगटावरून काढलेल्या 40 मिनिटांना किती वजन द्यायचे, हे आपणच ठरवावे. दोन कंपन्यांचे बँड एकाच रात्री दोन्ही हातांना बांधले तर गाढ झोपेचे दोन वेगळे आकडे मिळणे अगदी स्वाभाविक आहे, आणि महागाचा बँड घेऊन आपल्या हाती बहुधा असा आणखी एक वेगळा आकडाच येईल.

या बँडांची दुसरी मर्यादा आपल्याला अधिक उपयोगी पडेल. माणूस झोपलेला असेल तर ते बहुतेक वेळा बरोबर ओळखतात, पण तो जागा असून निश्चल पडला असेल तर अनेकदा फसतात. मी स्वतः एका रात्री झोप येत नाही म्हणून कुशीवर पडून बराच वेळ पुस्तक वाचत होते. पान उलटण्यापुरती बोटे हलत होती, तीही दुसऱ्या हाताची. सकाळी बँडने तो सगळा वेळ हलक्या झोपेत जमा केला होता आणि वर माझे कौतुकही केले होते. त्या कौतुकाने मला जेवढा आनंद व्हायला हवा होता, तेवढेच दुःख आपल्याला 61 या आकड्याने व्हावे.

गाढ झोपेबद्दल आणखी एक गोष्ट. तरुण प्रौढांमध्ये ती रात्रीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी असते आणि वय वाढते तशी कमी होत जाते. रात्री मधूनच जाग येण्याचे प्रमाणही वाढते. साठीनंतर हे दिसणे म्हणजे आजार नव्हे. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या भागात लागते, त्यामुळे पहाटे जाग आली म्हणून ती हुकली असेही होत नाही. शिवाय बँडवरचे 'गुण' हे रक्तदाबासारखे कोणतेही प्रमाणित माप नाही. एकूण वेळ, जाग, नाडी यांचे मिश्रण करून प्रत्येक कंपनी ते आपापल्या सूत्राने काढते, आणि ते सूत्र उघड करण्याचे बंधन तिच्यावर नसते.

आता आपण लिहिलेल्या गळून जाण्याविषयी. ते खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ते खरे आहे, फक्त त्याचे मूळ रात्रीत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांच्या झोपेच्या दर्जाविषयी मनाने ठरवलेले आकडे खरे म्हणून सांगितले गेले. ज्यांना 'तुमची झोप निकृष्ट होती' असे सांगितले, ते लक्ष आणि आकडेमोड तपासणाऱ्या चाचणीत मागे पडले, मग त्यांना स्वतःला झोप कशीही वाटलेली असो. 2018 मध्ये निद्रानाशाचा त्रास असलेल्या लोकांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा मनगटावरील यंत्राने झोप वाईट दाखवली असे ज्यांना खोटेच सांगितले, त्यांचा दिवस अधिक मरगळीचा गेला. त्याआधी 2017 मध्ये अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी अचूक झोपेच्या ध्यासालाच 'ऑर्थोसोम्निया' असे नाव सुचवले होते; त्यांच्याकडे येणारे काही रुग्ण यंत्रातला आकडा वाढावा म्हणून अंथरुणात अधिक वेळ काढत आणि त्यामुळे त्यांची झोप आणखी विस्कळीत होई. आपण अंथरुणावर पडून उद्याच्या गुणांची चिंता करू लागला आहात, ही त्याच वाटेवरची पहिली पावले आहेत. ती बँडने मोजलेली नाहीत, पण आपण वेळीच मोजलीत हे चांगले झाले.

म्हणून पुढचे दोन आठवडे एक करून पाहावे. मोबाइलमधील झोपेच्या सकाळच्या सूचना बंद कराव्यात. बँड हातात राहिला तरी हरकत नाही. उशाशी एक साधी वही ठेवावी आणि उठल्यावर, मोबाइलला हात लावण्याआधी, रात्री किती वाजता आडवे झालो, साधारण किती वेळाने झोप लागली असावी आणि आता कसे वाटते आहे, एवढेच दोन ओळींत लिहावे. घड्याळाकडे पाहून मिनिटे काढू नयेत. अंदाज पुरेसा आहे. सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा एक शब्द लिहावा : ताजे, ठीक किंवा थकलेले. चौदा दिवसांनी बँडमधील नोंदी उघडून वहीशेजारी ठेवाव्यात. तेव्हा गाढ, हलकी, स्वप्नांची असले विभाग सोडून फक्त दोन रकाने पाहावेत, झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि एकूण झोप. बँड ज्या बाबतीत बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे त्या या दोनच. आपल्या झोपण्याच्या वेळा रोज दीड-दोन तासांनी मागेपुढे होत असतील, किंवा एकूण झोप आठवड्यामागून आठवडा सहा तासांच्या खाली राहत असेल आणि वहीत 'थकलेले' हा शब्द वारंवार येत असेल, तर त्या माहितीवर काही करता येईल. प्रौढांना साधारण सात तास किंवा त्याहून थोडी अधिक झोप लागते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही वा टिकत नाही, दिवसावर त्याचा परिणाम होतो आणि हे तीन महिने चालू आहे, अशी स्थिती असेल तर मात्र डॉक्टरांना भेटावे, आणि गोळीआधी निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराविषयी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराविषयी, विचारावे. दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम तोच उपचार सुचवला जातो. आपल्या पत्रातून तरी आपण त्या टप्प्यावर असल्याचे दिसत नाही.

दोन आठवड्यांनंतरही सकाळी आकडा पाहण्याचा मोह आवरत नसेल, तर रात्री बँड काढून ठेवावा आणि तो फक्त दिवसा पावलांसाठी वापरावा. त्यात काहीही गमावले जात नाही.

पावलांच्या बाबतीत बँडची बाजू पुष्कळ बळकट आहे, म्हणून तो फेकून देऊ नये असे मी म्हणते. 2007 मध्ये झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की पावले मोजण्याचे साधन वापरणारी माणसे दिवसाला सुमारे दोन ते अडीच हजार पावले अधिक चालू लागतात, आणि समोर काही उद्दिष्ट असेल तर हा परिणाम दिसण्याची शक्यता वाढते. प्रश्न उद्दिष्ट असण्याचा नाही, आपण घेतलेल्या उद्दिष्टाचा आहे. 10,000 हा आकडा कुठून आला, हे वाचून आपल्याला कदाचित हसू येईल. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले असताना, 1965 मध्ये यामासा या कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता आणि लक्षात राहणारा होता. दहा हजाराच्या आत माणसाचे काय होते, हे मोठ्या प्रमाणावर तपासणारी संशोधने अनेक दशकांनी आली. एका विक्रीयोग्य नावासाठी आपण रात्री साडेदहाला गुडघा दुखवून घेत आहात, हे मला फार खटकते.

ती संशोधने काय सांगतात, तेही पाहावे. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षे वयाच्या 16,000 हून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांमध्ये अभ्यासाच्या काळातील मृत्यूचे प्रमाण बरेच कमी, म्हणजे जवळजवळ 40 टक्क्यांनी कमी आढळले, आणि 7,500 च्या आसपास हा लाभ स्थिरावला. 2022 मध्ये 15 अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा साठीच्या पुढच्या लोकांमध्ये हा लाभ 6,000 ते 8,000 पावलांच्या दरम्यान स्थिरावतो आणि त्याहून तरुण प्रौढांमध्ये 8,000 ते 10,000 च्या दरम्यान, असे दिसले. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत. जो आधीच आजारी आहे तो कमीच चालतो, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यातून पूर्ण सुटे होत नाही, आणि आठ हजारांपुढे चालणे व्यर्थ आहे असाही त्याचा अर्थ नाही. परंतु 62 व्या वर्षी 6,800 ही आपली सरासरी नापासाची नव्हे, एवढे त्यातून निश्चित म्हणता येते.

तेव्हा बँडमधील रोजचे उद्दिष्ट आजच 7,000 वर आणावे. गुडघा शांत झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, वाटल्यास 500 ने वाढवावे. रोजचा आकडा पाहण्याऐवजी रविवारी आठवड्याची सरासरी पाहावी, कारण एखाद्या दिवशी 4,000 आणि दुसऱ्या दिवशी 9,500 असे होणे हेच कोणाच्याही आयुष्याचे खरे रूप आहे. रात्रीच्या येरझारा बंद कराव्यात. संथ चालण्याने झोप बिघडते असे नाही, पण आकड्याशी झुंजत अंथरुणाकडे जाणे झोपेला पोषक नाही, आणि अरुंद खोलीत पुन्हा पुन्हा वळताना कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर नको तो पीळ पडतो. तीच पावले दिवसा, सरळ रस्त्यावर, दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन तुकड्यांत चालावीत. त्यांतील किमान एक तुकडा जरा झपाझप असावा : मिनिटाला साधारण 100 पावले पडली म्हणजे मध्यम वेग झाला असे मानतात, आणि या वेगात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. दुखणे दोन-तीन आठवड्यांत कमी झाले नाही, गुडघ्याला सूज आली किंवा तो अडकू लागला, तर तो दाखवून घ्यावा.

पावलांचा आकडासुद्धा अगदी काटेकोर नसतो, हेही ध्यानात असावे. बँड पाय पाहत नाही, हाताचा झोका पाहतो. त्यामुळे बाबागाडी ढकलताना, कठडा धरून जिना चढताना किंवा दोन्ही हातांत पिशव्या असताना पावले गळतात, आणि टाळ्या वाजवताना किंवा कपडे झटकताना न चाललेली पावले जमा होतात. बागेत उकिडवे बसून केलेले काम, पोहणे, वजने उचलणे यांची पावलांत नीट नोंद होत नाही, म्हणून त्यांची किंमत कमी ठरत नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे पावलांचा उल्लेखही न करता आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवतात, आणि 65 नंतर तोल सांभाळण्याच्या व्यायामाचीही त्यात भर घालतात. खुर्चीतून हाताचा आधार न घेता सावकाश उठण्या-बसण्याचा सराव बँडला कळणारही नाही, परंतु आपल्या गुडघ्याला तो शे-पाचशे पावलांपेक्षा अधिक साथ देईल. बँडवरच्या जळलेल्या कॅलरींकडे तर लक्षच देऊ नये. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात यंत्रे तपासली, तेव्हा नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राचीही चूक सरासरी 27 टक्के निघाली. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही पण रुतणारही नाही असा बांधावा आणि रोज धुऊन कोरडा करावा, एवढी निगा पुरे.

आता ती ओळ.

घोरणे मध्येच बंद पडणे, काही क्षण शांतता, आणि मग दचकून घेतलेला मोठा श्वास, सोबतीला दिवसाची डुलकी आणि उच्च रक्तदाब, हे वर्णन आपण एखाद्या निद्रातज्ज्ञाला सांगितले तर तो 85 हा आकडा ऐकण्यासाठी थांबणारही नाही. झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास अडण्याच्या विकाराची, म्हणजे अडथळ्यामुळे होणाऱ्या स्लीप ॲप्नियाची, ही ओळखीची लक्षणे आहेत. तो यजमानांना आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. तपासायलाच हवा, एवढे मात्र ठामपणे म्हणते. या विकारात श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो किंवा फार मंदावतो, रक्तातील प्राणवायू खाली येतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो, आणि माणसाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. असे तासाला पाचपेक्षा कमी वेळा घडले तर ते सामान्य समजतात. तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडले तर विकार तीव्र धरतात. उच्च रक्तदाब आणि हा विकार पुष्कळदा एकत्र आढळतात.

मग बँड 85 गुण कसे देतो? कारण त्याच्या दृष्टीने त्यांची रात्र आदर्श आहे. ते लवकर झोपतात, हात फारसे हलवत नाहीत, आणि काही सेकंदांचे ते जागे होणे त्याच्या सूत्रातून सहज निसटू शकते. काही नव्या घड्याळांत श्वासातील अशा अडथळ्यांची सूचना देणारी सोय आली आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2024 मध्ये अशा काही सोयींना परवानगीही दिली. पण ती सूचनाच असते, निदान नसते, आणि सूचना आली नाही म्हणजे विकार नाही असे समजायचे नसते. त्या सूचनेपेक्षा अधिक मोलाची साक्ष आपण सहा महिने रोज रात्री शेजारी झोपून ऐकत आहात.

एका रात्री त्यांच्या घोरण्याचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे, त्यात ती शांतता आणि तो श्वास यावा असे पाहावे, आणि याच आठवड्यात ते घेऊन दोघांनी मिळून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. आपण सोबत असणे आवश्यक आहे, कारण ते स्वतः 'मला तर छान झोप लागते' असे सांगतील आणि ते खोटे बोलत नसतील. डॉक्टर बहुधा निद्रा-चाचणी सुचवतील. ती आता अनेकदा घरीही करता येते. निदान झालेच तर उपाय आहेत : वजन अधिक असल्यास कमी करणे, कुशीवर झोपणे, झोपण्यापूर्वी मद्य टाळणे, आणि मध्यम ते तीव्र विकारात मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र, ज्याचा उपयोग ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये प्रथम मांडला. तोवर, दुपारची झोप अनावर होत असेल, तर त्यांनी गाडी चालवू नये.

शेजारी रात्रभर असा आवाज चालू असताना आपल्याला मधूनच जाग येत असेल, तर आपल्या 61 गुणांतील काही भाग त्यांच्याच नावावर जमा करावा लागेल. तपासणी होईपर्यंत काही रात्री वेगळ्या खोलीत झोपून पाहावे आणि सकाळी वहीत काय लिहिले जाते ते कळवावे. तेवढ्या रात्रींत मधून कोणीतरी त्यांच्या श्वासाकडे कान द्यावा, म्हणजे डॉक्टरांना सांगायला काही राहून जाणार नाही.